विमानाचं दावं

विमान विकायला काढलंय हे गावात कळल्यावर पहिला माणूस माझ्या दुकानात आला आणि त्यानं विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

चामोर्शीला माझं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्या दिवशी बाजार होता, दुकानात गर्दी होती. मला वाटलं, आता सगळे हसतील. कुणी हसलं नाही. उलट एक जण म्हणाला, "पेट्रोलवर का डिझेलवर, ते तं पहिले सांगा ना गा भाऊ." दुसऱ्याला टायरांची काळजी पडली, ते इथं मिळतात की नागपूरहून आणावे लागतात. आणि तिसरा, ज्याची स्वतःची मोटारसायकल दिवाळीपासून माझ्याच ओट्याला टेकून उभी आहे, तो डोळे बारीक करून म्हणाला, "इतकं चांगलं हाये म्हणता, मंग विकून काऊन राह्यले?"

या प्रश्नानं माझं डोकं फिरतं. मोडकी वस्तू विकायला काढली तर आपल्याकडे कुणी काही विचारत नाही. विचारायचं काय, दिसतंच आहे. पण एखाद्यानं पोटच्या पोरासारखी जपलेली वस्तू बाजारात आणली की सगळ्यांना तिच्यात खोट दिसायला लागते. मळकी असली तर "लय वापरली दिसते", स्वच्छ असली तर "काहीतरी लपवलं दिसते". मग जपणाऱ्यानं करायचं काय? गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी दोन लाथा मारून एखादा पत्रा वाकवून ठेवायचा?

हे मी त्या माणसाला बोललो नाही. "बघा, विचार करा," म्हणालो आणि त्याला चहा पाजला. माझा संताप हा असा आहे. कामाच्या वेळी तो कधी हजर नसतो. चंद्रपूरहून घरी परतताना मूल गावाचा रस्ता धरला की जंगल लागतं, तिथं तो येतो, आणि मग मी मोटारसायकलवर एकटाच तावातावानं बोलत असतो. ऐकायला रस्त्याकडेची वांदरं. तीही दोन वाक्यं ऐकून झाडावर जातात.

विमान माझं नाही हे सांगून टाकतो, नाहीतर तुमचाही संशय सुरू होईल. ते माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. बहिणीला आम्ही घरात बाई म्हणतो. भाऊजींनी आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं उडवली. आधी पोरांना शिकवायला, मग एका कारखान्याच्या साहेबांना इकडून तिकडे न्यायला. निवृत्त झाले तेव्हा दूरच्या राज्यातला एक फ्लाइंग क्लब बंद पडत होता. तिथलं दोन माणसांचं, एका पंख्याचं छोटं विमान त्यांनी घेतलं. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी प्लॉट घेतले. बाई म्हणाली, "लोकायच्या घरी म्हातारपणी नातवंडं येतात, माह्या घरी सवत आली." पण त्या सवतीची ताडपत्रीची खोळ तिनंच शिवली, आणि त्यात मशीनच्या किती सुया तुटल्या हे ती अजून ऐकवते.

चंद्रपूरच्या बाहेर एक लहानशी धावपट्टी आहे. तिच्या कडेला पुढून उघडी असलेली पत्र्याची शेड, तिच्यात हे विमान राहायचं. चंद्रपुरात कोळशाची धूळ अशी की दोरीवर वाळत घातलेलं पांढरं बनियान संध्याकाळी करडं होऊन घरात येतं. त्या शहरात पांढरी राहिलेली वस्तू मी एकच पाहिली. भाऊजी रोज सकाळी जाऊन ते पुसायचे. पंखाखाली हवेचा वेग मोजणारी एक बारकी नळी असते. पावसाळ्यात कुंभारीण माशी मातीचं घर करायला भोक शोधत फिरते, आणि त्या नळीत तिनं घर केलं की वर गेल्यावर आपण किती वेगानं चाललोय ते कळत नाही. म्हणून भाऊजींनी त्या नळीला लाल कापडाची टोपी करून घेतली होती. माझ्या लग्नात नवरदेवाचा फेटा घरी विसरून आलेला हा माणूस, नळीची टोपी एक दिवस विसरला नाही.

मग डोळ्यानं दगा दिला. वैमानिकाला ठरावीक काळानं डॉक्टरी तपासणी द्यावी लागते, ती पास झाली तरच उडवायची परवानगी. डाव्या डोळ्याच्या आत काहीतरी झिजलं होतं आणि ते भरून येणारं नव्हतं. भाऊजींनी मला बोलावून घेतलं.

मलाच का, तर आमच्या घरात विकायचं काम नेहमी माझ्याकडे येतं. वडिलांचे बैल मी विकले, मळणीयंत्र मी विकलं, धाकट्या भावाची जीप मी विकली. दर वेळी सगळ्यांचं एकमत झालं की मी फसलो. तरी पुढचं काम पुन्हा माझ्याकडेच. घरात एक फसलेला माणूस असला की बाकीच्यांना हुशार वाटत राहतं, त्यासाठी असेल.

"साळेबाबू," भाऊजी म्हणाले, "एकच गोष्ट. उडवणाऱ्यालेच द्यायचं."

"विमान दुसरा कोण घेईन भाऊजी?"

"तुले लोकं मालूम नाईत. हे पाय, उभं ठेवलेलं विमान सडते. वरून दिसत नाई, आतून सडते. इंजिनातलं तेल खाली उतरते आन वर गंज चढते. उडत राह्यलं तं हे माह्या मागं बी जगन. उभं ठेवलं तं पावसाळे मोजायचे." मग म्हणाले, "ते उडत राह्यलं पायजे. बाकी तू पाय."

मी हो म्हणालो. मला ते फार सोपं वाटलं.

पुढच्या काही महिन्यांत मला कळलं की चंद्रपूर आणि आमचा, या दोन जिल्ह्यांत विमान हवं असलेली माणसं पुष्कळ आहेत. ते उडवायचंय असं म्हणणारा मात्र एकही नाही. एका मंडपवाल्याला ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवून नवरदेवाची वरात काढायची होती. पंखा फक्त हळूहळू फिरला पाहिजे, म्हणजे शेरवानी उडणार नाही. एका शाळेच्या अध्यक्षांना ते फाटकावर बसवायचं होतं, नाक आकाशाकडे करून. सिरोंच्याहून एकाचा फोन आला. तो निम्मं तेलुगू, निम्मं मराठी बोलत होता. बऱ्याच वेळानं मला समजलं की त्याला फक्त चाकं पाहिजेत.

आणि मग वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीचा रिसॉर्टवाला आला.

मोठी पांढरी गाडी, गळ्यात काळा गॉगल, सोबत वेल्डिंगवाला. भाऊजी शेडमध्ये होते, बाई डब्यातून पोहे घेऊन आली होती. या गृहस्थानं नमस्कार केला, पोहे घेतले, आणि खाता खाता वेल्डिंगवाल्याला मापं घ्यायला लावली. त्यानं लोखंडी टेप पंखावरून ओढत नेली.

"दोनच सीट ना?" रिसॉर्टवाला आत डोकावून म्हणाला. "एकदम बेस्ट. कपल टेबल! मेणबत्ती लावू, बाजूनं बांबू लावू. कसं हाये ना काका, वाघ नाई दिसला का माणूस तोंड पाडून येते. त्याले निदान विमानात जेवलो म्हणून फोटो तं टाकता आला पायजे."

"आन इंजिन?" भाऊजींनी विचारलं.

"ते तुम्हीच काढून घ्या ना!" तो मोठ्या मनानं म्हणाला. "मले बॉडीच पायजे. पंख ट्रकवर बसत नाईत, पण हा पोरगा इथीच कापून देते. तिकडे गेल्यावर जोडून घेऊ. लांबी भरून रंग मारला का जोड दिसत नाई."

भाऊजी उठले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. ते म्हणाले, "टेप उचलून घ्या. पंखावर चरे पडतात."

बस, एवढंच. त्या माणसाला वाटलं, ही भाव वाढवायची रीत आहे. त्यानं लगेच भाव वाढवला, तोही रोख. मी काय केलं? मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो आणि "कळवतो" म्हणालो.

त्या दिवशी मूलच्या रस्त्यावर वांदरांनी माझं सविस्तर ऐकलं असतं तर त्यांचंही रक्त तापलं असतं. अरे, वाघ दिसला नाही म्हणून तुझ्या गिऱ्हाइकाचं तोंड पडतं, तर वाघाला जाऊन सांग! एका माणसानं वर्षानुवर्षं जपलेलं विमान कापून, बांबू लावून, त्यात पनीर टिक्का खायला घालणार? आणि इंजिन "काढून घ्या"? उद्या बैल विकायला काढला तर म्हणशील, आतलं काढून घ्या, मला कातडंच पाहिजे. मी असं बरंच बोललो. घरी पोचलो तर बायको म्हणाली, "देऊन टाका ना. तिथी लोकं पायतीन तरी." नात्यातल्या सगळ्यांचं हेच. रोख भाव हातचा सोडला म्हणून मी पुन्हा फसलो, असं विकायच्या आधीच ठरून गेलं.

रिसॉर्टवाला रोज फोन करायला लागला. लॉन तयार आहे, पावसाळ्याआधी लावायचं आहे. आणि एक दिवस भाऊजीच मला म्हणाले, खाली बघत, "पावसाळ्याआधी कोनी नाई आलं तं देऊन टाक त्याले. शेडमध्ये सडण्यापरीस बरं." हे ऐकून मला जेवढा राग आला तेवढा रिसॉर्टवाल्याचाही आला नव्हता. पण राग करायचा कोणावर?

शेवटी भाऊजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनं पुण्याकडच्या एका फ्लाइंग स्कूलचा फोन आला. त्यांना शिकवायला लहान विमान हवं होतं. शिकवायला, म्हणजे रोज उडणार! त्यांनी दोघांना पाठवलं: एक वैमानिक बाई, कमी बोलणाऱ्या, आणि एक तरुण इंजिनिअर, त्यांच्या वाटणीचंही बोलणारा. इंजिनिअरनं बॅटरी घेऊन विमानाच्या पोटात डोकं घातलं ते दुसऱ्या दिवशी काढलं. बाहेर आला तो तोंड वाकडं करूनच.

"मला एक कळत नाहीये," तो म्हणाला. "इतक्या वर्षांचं विमान इतकं स्वच्छ कसं?"

"रोज पुसतो," भाऊजी म्हणाले.

"रोज?"

"मंग कधी पुसायचं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा तेच! खोट सापडत नाही हीच खोट. पण वैमानिक बाईंनी भाऊजींना शेजारी बसवून एक फेरी मारली, उतरल्या, आणि घेतो म्हणाल्या. सरकारी कागदांचे सोपस्कार झाले, पैसे आले, आणि चैत्रात ते दोघे विमान उडवत न्यायला पुन्हा आले.

सकाळीच आम्ही विमान शेडबाहेर काढलं. बाहेर सिमेंटमध्ये रोवलेल्या तीन लोखंडी कड्या आहेत. दोन्ही पंखांना एक एक आणि शेपटाला एक असे तीन दोर त्या कड्यांना बांधायचे, म्हणजे वाऱ्यानं विमान हलत नाही. बाईनं विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं. नारळ भाऊजींच्या देखरेखीखाली, पंख्यापासून लांब, एका दगडावर फुटला. मग वैमानिक बाई आणि भाऊजी हवामानाची चौकशी करायला पलीकडच्या खोलीत गेले. इंजिनिअर इकडे सामान मोजत होता. आणि बाईनं शांतपणे तिन्ही दोर सोडले, कोपरापासून पंज्यापर्यंत वेटोळी केली आणि पिशवीत घातले.

"मावशी, ते दोर विमानाचे आहेत," इंजिनिअर म्हणाला.

"नाई बाप्पा, हे घरचे हाये."

"अहो, पण विमानासोबतच आलेत ना?"

"मी नवऱ्यासोबत आली, मले बी नेता काय? दावं देत नसतात. तुमचं दावं तुम्ही आना."

"दावं म्हणजे?"

मी मध्ये पडलो आणि समजावलं. आमच्याकडे बैल विकला की गळ्यातलं दावं सोडून ठेवतात. बैल जातो, दावं घरी राहतं. घेणाऱ्यानं आपलं दावं आणून बांधायचं आणि न्यायचं. दावंही गेलं तर गोठ्याची बरकत त्याच्या मागं जाते. मी वडिलांचे बैल विकले तेव्हाही फसलो असेन, पण दावी घरी आणली होती.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग म्हणाला, "ठीक आहे. मग असं आणखी काय काय काढून ठेवलंय तुम्ही?"

आयुष्यात पहिल्यांदा माझा संताप वेळेवर आला.

"ओ साहेब!" मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "दोन दिवस बॅटरी घेऊन आत घुसले होते ना? एक खिळा ढिला सापडला काय? या माणसानं बायकोले कधी शाल घेतली नसन, पण नळीले टोपी घेतली! कोरी वस्तू हाती देऊन राह्यलो तं तुम्हाले चोर दिसतो आम्ही? तीन दोरायसाठी?" पुढं मी पुण्याच्या लोकांबद्दल दोनचार वाक्यं बोललो. ती इथं लिहीत नाही. त्यांचा विमानाशी काही संबंध नव्हता.

तो लालबुंद झाला. खिशातून फोन काढून म्हणाला, "मी सरांना कळवतो. विमान आज नेत नाही. सगळं पुन्हा तपासावं लागेल." आणि नेमका माझ्या खिशातला फोनही वाजायला लागला. न बघताच मला माहीत होतं, मोहर्ली. त्याची रोजची वेळ.

आरडाओरडा ऐकून भाऊजी आणि वैमानिक बाई बाहेर आले. झालं काय ते भाऊजींनी विचारलं आणि ऐकून त्यांचा चेहरा कडक झाला. नियमानं चालणारा माणूस.

"दे त्यायले दोर," ते बाईला म्हणाले. "विमान मोकळं उभं ठेवत नाईत."

"देत नाई."

"अवो, नियम हाये तसा!"

"तुमचे नियम वरचे. खाली आल्यावर माह्ये." बाईनं पिशवी छातीशी धरली. "न्या म्हणा ना सारं. खोळ नेली, टोपी नेली, मी काही म्हणलं काय? उद्या ही शेड रिकामी होईन. मंग सकाळी उठून तुम्ही कुठी जान? काय पुसान? हे दोर तरी राहू द्या म्हणलं तं मलेच नियम!"

इंजिनिअर फोनवर "हॅलो सर, सर, ऐकू येतंय का" करत होता. विमान मधोमध मोकळं उभं होतं, आणि आम्ही पाच माणसं त्याच्याभोवती पाच दिशांना तोंडं करून रागानं उभे होतो.

चैत्रात ऊन तापलं की आमच्याकडे वावटळी उठतात. धावपट्टीच्या पलीकडे सागाची झाडं आहेत, खाली सुक्या पानांचा खच. ती पानं एकदम कुरकुर वाजायला लागली. बाकी कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. भाऊजींनी ऐकलं.

"पंख धरा!"

हा माणूस ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. ते स्वतः एका पंखाकडे धावले. धुळीचा लाल खांब पट्टीवरून सरळ आमच्याकडे येत होता. विमान दिसायला एवढं, पण वजनाला आमच्या जीपच्या निम्मं. आणि वारा लागला की वर उचलण्यासाठीच त्याचा जन्म. मी दुसऱ्या पंखाला लटकलो. पंख वर जायला लागला. माझे पाय जमिनीवरून सुटले, हे मी शपथेवर सांगतो. घरातल्या सगळ्यांनी हसून हसून ज्याची चेष्टा केली त्या माझ्या पोटाचा आयुष्यात एकदा कुणाला उपयोग झाला असेल तर तेव्हा. इंजिनिअर भाऊजींशेजारी दोन्ही हातांनी लोंबकळत होता, फोन दातांत. वैमानिक बाईंनी पुढच्या चाकाचा दांडा धरला. आणि बाई शेपटाच्या कडीत दोर ओवून, दुसरं टोक कमरेला गुंडाळून, खाली जमिनीवर फतकल मारून बसली होती. अडेल बैलाला धरतात तशी.

पानं, धूळ, कुणाची तरी प्लास्टिकची पिशवी अंगावरून गेली. मग सगळं शांत. पंख हळूच खाली आला आणि माझे पाय जमिनीला लागले.

भाऊजींनी विमानाभोवती एक फेरी मारली. हात फिरवत, प्रत्येक जोड वाकून पाहत. काही झालं नव्हतं. धुळीनं सगळे सारखेच लाल झालो होतो, त्यामुळे आता पुण्याचं कोण आणि चामोर्शीचं कोण ते सांगता आलं नसतं.

बाई उठली, लुगडं झटकलं, आणि पिशवीतून उरलेले दोन दोर काढले.

"उसने देते," ती इंजिनिअरला म्हणाली. "तुमचे येईपर्यंत. परत द्या लागन."

"हो, मावशी," तो म्हणाला.

तिनं पंखाला दोर बांधला, बैलाला मारतात ती गाठ. भाऊजींनी येऊन गाठ ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढली, आणि तशीच राहू दिली.

इंजिनिअरला मागं बसवून मी दोर आणायला चंद्रपूरच्या बाजारात निघालो. त्यानं एका दुकानातून पिवळा प्लास्टिकचा दोर घेतला. मला काय, मी म्हटलं घे. परत आलो तर भाऊजींनी तो बोटांत चुरगळला आणि भडकले.

"हे उन्हात भुगा होते! याच्यानं माह्यं विमान बांधता?"

"आता ते आमचं आहे, काका."

"मंग तुमच्या विमानाले तरी धड बांधा!"

पुन्हा बाजार. या वेळी मी त्याला नेलं ते बैलांच्या सामानाच्या दुकानात, जिथं वेसणी, कासरे, घुंगुरमाळा टांगलेल्या असतात. जाताना तो मागून म्हणाला, "तुम्ही मघाशी पुण्याबद्दल जे बोललात..."

"ते मी मागं घेत नाई."

"घेऊ नका. मी साताऱ्याचा."

दुकानात दोर निवडत असताना मोहर्लीचा फोन पुन्हा वाजला. माझे हात दोरात होते, मी फोन त्याच्याकडे दिला. त्यानं कानाला लावला, ऐकत राहिला, आणि त्याच्या भुवया वर वर जायला लागल्या.

"जेवायला?" तो म्हणाला. "विमानात? पंख कापून? अहो, तुम्ही माणूस आहात का कोण? एअरवर्दी विमान आहे ते! आत्ता, आज, उडण्याच्या स्थितीत आहे! तुम्ही त्यात काय... सूप?" पुढं तो असं शुद्ध मराठी बोलला की दुकानदारानं वेसण मोजायचं थांबवलं. माझे कितीतरी दिवसांचे तुंबलेले शब्द दुसऱ्याच्या तोंडून, व्याकरणासकट, बाहेर पडत होते. त्यानं फोन परत दिला. "असे लोक आहेत?" त्यानं विचारलं. "आहेत ना गा," मी म्हणालो.

या वेळचे दोर भाऊजींनी पास केले. बाईनं आपले तीन सोडले, त्यानं आपले नवे तीन बांधून दाखवले, भाऊजींनी ओढून पाहिले. मग ते सोडून सीटच्या मागं टाकले, दोघं आत बसले, पंखा फिरला. विमान पट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, धावत आलं आणि आमच्यासमोरून उचललं.

"इतकी पट्टी कायले घेतली?" भाऊजी रागानं म्हणाले. "अर्ध्यातच उचलते ते."

विमान सागाच्या झाडांवरून वळलं, लहान झालं, आणि आवाजही गेला. भाऊजी शेडकडे न जाता विमान उभं होतं तिथं गेले आणि एकदम ओरडले, "हे पाय! हे पाय साळेबाबू!"

गवतात चाकांना लावायचे लाकडी ठोकळे पडले होते. सुरू करायच्या आधी इंजिनिअरनं काढून बाजूला ठेवले आणि तिथंच विसरला.

"आम्हाले म्हणते काय काय काढून ठेवलं! आन सोताचे ठोकळे इथी! उतरल्यावर चाकाले काय लावन? दगड?" भाऊजींनी ठोकळे उचलून एकमेकांवर आपटले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर रंग आला होता. "लाव त्याले फोन."

"भाऊजी, ते वर आहेत. फोन बंद असन."

"लाव तं खरं. म्हण, ठोकळे इथी हायेत, पाठवतो. आन पोचल्याबरोबर कळवा म्हणाव."

मी लावला. "बंद आहे."

"मंग उडूनच राह्यलं असन," ते म्हणाले आणि ठोकळे मांडीवर घेऊन खाली बसले. बाईही शेजारी बसली, दोरांची पिशवी मध्ये ठेवून. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "लाव."

मी लावत राहिलो. फोन बंदच होता, आणि प्रत्येक वेळी मी "बंद" म्हटलं की भाऊजी समाधानानं मान हलवत होते.